कोऱ्या खोलीतली तपासणी

आमच्या मागच्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकापाशी मी बसते. दुसऱ्यापाशी वन्सं बसायच्या. आता त्यावर इस्त्रीचे कपडे असतात, ह्यांच्या दुकानातल्या चष्म्यांच्या रिकाम्या डब्या असतात, दुरुस्तीला न्यायचा म्हणून ठेवलेला आणि तसाच राहिलेला एक पंखा असतो. त्यांची खुर्ची मात्र मी कोणाला हलवू दिलेली नाही. पाहुणे आले आणि बसायला कमी पडलं, तर मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून देते.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या. ह्यांचा डबा भरण्यापासून अभ्यास घेण्यापर्यंत सगळं वन्संनीच केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरी बसून प्रोग्रामिंगची कामं करायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी भाजी निवडत बसले होते, तर आतून हाक आली, "निवडून झाली की इकडे ये गं. हेही निवडणंच आहे, फक्त देठ दिसत नाहीत."

तेव्हा गेले ती त्या खोलीचीच झाले.

काम समजायला सोपं आहे. जगभरातली माणसं प्रोग्राम लिहितात आणि सगळ्यांना वापरायला खुले ठेवतात. पण सगळंच्या सगळं कोणी एकटा लिहीत नाही. एकाने तारखा वाचणारं छोटं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा एक तयार तुकडा, लिहिलेलं असतं, दुसरा ते घेऊन त्यावर आपलं काही उभारतो, तिसरा त्या दोघांवर. म्हणून अशा प्रत्येक तयार प्रोग्रामबरोबर, म्हणजे पॅकेजबरोबर, एक यादी असते: मला अमुक अमुक मॉड्यूलं लागतात. नवीन काही आलं की तपासणी करणारं आमचं मशीन एक रिकामी जागा उघडतं, जिच्यात काही म्हणजे काही नसतं. यादी वाचून त्यातलं एकेक आणतं, मग त्या एकेकाच्या यादीतलं आणतं, असं पार तळापर्यंत जातं. सगळं जमलं की पॅकेजच्या चाचण्या घेतं, निकाल लिहितं आणि ती जागा पुसून टाकतं. पुढच्यासाठी पुन्हा कोरी.

"नवा भाडेकरू येतोय असं समज," वन्सं सांगायच्या. "त्याने मागितलं तेवढंच द्यायचं. आधीच्याचा खिळा भिंतीत राहिला असेल तर तोही उपटायचा. नाहीतर हा त्या खिळ्याला सदरा अडकवणार, इथे सगळं झकास म्हणणार, आणि दुसऱ्या घरी गेला की खिळा कुठाय म्हणून गळा काढणार."

हे काम पगाराचं नव्हे. आम्हा तपासणाऱ्यांचा एक गट आहे, प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेली पॅकेजेस असतात. पास झालं तर गटाच्या पानावर हिरवी खूण लागते आणि विषय संपतो. नापास झालं तरच, नेमकं कुठे अडलं ते लिहून, मशीन आपणहून लेखकाला मेल पाठवतं. दोन जुने कॉम्प्युटर जोडून ते मशीन वन्संनी उभं केलं आणि त्याच्यापाशी मला बसवलं.

मग त्यांना दूरच्या शहरात मोठं काम मिळालं. आनंदाचीच गोष्ट होती. पण ह्यांना ते सोसलं नाही. आईमागे जिने वाढवलं तीच निघाली, एवढंच ह्यांना दिसलं. बॅग भरत असताना दारात उभे राहून हे म्हणाले, "जायचंच असेल तर जा. पण मग परत येऊ नकोस."

वन्संनी घडी घातलेली साडी बॅगेत ठेवली, चेन ओढली आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. राग उतरतो. दोघं भावंडं एकाच साच्यातली. ह्यांनी बोललेला शब्द मागे घेतला नाही, त्यांनी तो तंतोतंत पाळला. सुरुवातीला मी फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. मग मीही थांबले. देवापुढे रोज बसते तेव्हा दोघांचं नाव एकाच दमात घेते, निदान तिथे तरी शेजारी असावीत म्हणून.

मशीन मी चालू ठेवलं. सकाळी माझा जप झाला की मागच्या खोलीत येऊन आधी निकाल वाचते, चहा त्यानंतर. ह्यांना त्याची मोठी गंमत वाटते.

"देव निदान कधीतरी प्रसन्न होतो," हे म्हणतात. "तुझं ते धूड कशाने होतं?"

"विजेने."

"मग आपल्या मीटरवर फारच प्रसन्न आहे."

वन्संचं स्वतःचं एक मॉड्यूल माझ्याच वाट्यात होतं. मजकुराचे रकाने सरळ जुळवणारं. लहानसंच, पण पुष्कळ पॅकेजेस त्यावर उभी होती. मी रोज त्याची हिरवी खूण बघायची. पास झालेल्याचा मेल जात नाही, त्यामुळे इकडून तिकडे काही पोचत नव्हतं. तरी त्या खुणेला मी मनात म्हणायची, चला, वन्सं बऱ्या आहेत. वेडेपणा होता, पण तेवढ्यावर दिवस जायचा.

एका सकाळी ती खूण लाल झाली.

चूक वन्संची नव्हती. रकाने जुळवण्याआधी अक्षरं मोजावी लागतात, आणि त्यासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी मोजणारं मॉड्यूल घेतलं होतं. त्या गृहस्थाने नवी आवृत्ती काढली आणि मोजण्याची जुनी रीतच काढून टाकली. खालचं हललं तसं वरचं सगळं डगमगलं. वन्संचं नापास, त्यांच्यावर उभी असलेली सगळी नापास. नशीब एवढंच, की मी नव्या आवृत्त्यांची पहिली फेरी मेल बंद ठेवून घेते.

आता मेल चालू करायचा होता, आणि माझा हात पुढे होईना. इतक्या काळाने ह्या घरातून वन्संकडे काही जायचं, तर ते हे? 'नापास'? ते मशीन कोणाच्या घरात आहे, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

मी मशीनच्या नियमांत एक ओळ घातली: अक्षरं मोजणाऱ्या मॉड्यूलची नवी आवृत्ती आणू नकोस, जुनीच वापर. फेरी पुन्हा घेतली. सगळं हिरवं. भिंतीत मी माझ्या हाताने खिळा ठोकला होता.

काही आठवड्यांनी एक मेल आला. पावत्या छापणारं पॅकेज लिहिणारा कोणी होता, माझ्या ओळखीचा नव्हे. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, म्हणून जवळजवळ पाठ आहे.

"नमस्कार. आपण बाई आहात की बुवा ते मला माहीत नाही, पण आपलं मशीन फार दयाळू आहे. माझं पॅकेज जो कोणी नव्याने बसवतो त्याच्याकडे ते कोसळतं आणि तो मला शिव्या घालतो. मी आपला निकाल बघतो तर हिरवागार. घोळ रकाने जुळवणाऱ्या मॉड्यूलमध्ये आहे. लेखिकेला लिहिलं, उत्तर नाही. बाईंनी लक्ष काढून घेतलेलं दिसतं. तसं असेल तर ते मॉड्यूल सांभाळायला मला द्यावं, असा अर्ज मी करणार आहे. कोणाची हरकत असल्यास महिनाअखेरीपर्यंत कळवावं."

आमच्याकडे अशी रीत आहे आणि ती चांगली आहे. लिहिणाऱ्याने पाठ फिरवली तर दुसरा कोणी सांभाळायला घेतो. पडक्या घरापेक्षा कोणीतरी झाडलेलं बरं. पण इथे मला ती पटेना. वन्संचं म्हणून माझ्याकडे येणारं तेवढंच उरलं होतं. तेही आता ह्या पावतीवाल्याच्या नावाने येणार.

दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. हे एका आजोबांचे डोळे तपासत होते. आजोबांच्या नाकावर ती काचा बदलायची जड फ्रेम होती आणि ते समोरचा तक्ता घडाघडा वाचत होते, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

ह्यांनी गुपचूप तक्त्याचा दिवा बंद केला. आजोबा वाचतच राहिले.

"आजोबा, दिवा गेलाय."

"असं होय? मला वाटलं डोळे मिटले."

"तक्ता पाठ करून आलात ना?"

"मग काय करू? सुनेने सांगितलंय, नंबर वाढला तर स्कूटर विकणार. तुम्ही आपला आहे तोच नंबर लिहा हो, तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. तुम्ही जाल." हे दुसरा तक्ता टांगत म्हणाले. "बसा गप. आता हा वाचा."

आजोबा कुरकुरत नंबर घेऊन गेले. हे काचा पुसून त्यांच्या लाकडी पेटीत एकेक खाचेत लावायला लागले. "पाठ करून येतात," ह्यांनी मान हलवली. "मला फसवून काय मिळतं कोण जाणे. ठेच त्यांनाच लागणार."

मी डबा उघडता उघडता थांबले. "अहो, मी पण माझ्या मशीनला तक्ता पाठ करून दिलाय."

मग सगळं सांगितलं. ओळ घातल्याचं, पावतीवाल्याचं, महिनाअखेरचं. हे ऐकत होते, पेटी लावत होते.

"कोणाचं आहे ते मॉड्यूल?"

"वन्संचं."

ह्यांच्या हातातली काच भलत्याच खाचेत गेली. ह्या दुकानात मी असं कधी पाहिलं नव्हतं. ती ह्यांनी काढली, उजेडात धरून पाहिली, नसलेली धूळ पुसली.

"तिला खोटं पास करतेस?" शेवटी म्हणाले. "तिला? माझी वही तपासायची तेव्हा एक मार्क कधी वाढवून दिला नाही. मी रडायचो, तरी नाही."

"मग काय करू सांगा."

"मला काय विचारतेस? तुमचं ते काम, तुम्ही दोघी बघा." आणि मी रिकामा डबा घेऊन निघाले तेव्हा पाठीमागून, "नापास झालं की तिला मेल जातो ना?"

"आपोआप."

"खाली नाव कोणाचं असतं?"

"मशीनचं."

"हं," हे म्हणाले आणि पेटी मिटली.

घरी येऊन मी ती ओळ काढून टाकली. हात जोडले. फेरी लावली, मेल चालू ठेवून. वन्संचं मॉड्यूल नापास झालं, पाठोपाठ त्यावरची सगळी. मेल गेला. पावतीवाल्याला मी लिहिलं: मशीन आता दयाळू नाही, निकाल बघावा. अर्जासाठी थोडं थांबावं, लेखिका वाचतील असं मला वाटतं.

मला वाटतं, असं लिहिलं खरं, पण कशावरून? त्यांचा मेलचा पत्ता तरी तोच असेल का? आणि असला, तरी माझ्या मशीनचं नाव दिसल्यावर त्या उघडतील का? लोकांच्या तक्रारी त्या वाचायच्याच नाहीत. 'माणसं नुसती ओरडतात, मशीन नेमकं सांगतं' असं म्हणायच्या. त्या एका वाक्यावर मी भरवसा ठेवून बसले.

दिवस जात राहिले. मी भांडी घासताना मध्येच हात पुसून आत जायची, काही आलं नसायचं. सकाळी निकाल वाचायची तेव्हा त्यांच्या ओळीवर सगळ्यात शेवटी जायची. आधी गेलं तर बाकीचं वाचवत नसे. हे दुकानातून आल्यावर चपला काढता काढता मागच्या खोलीकडे एकदा बघायचे आणि मग माझ्याकडे. मी मान हलवायची. तेवढंच.

महिना संपत आला होता. मी तूरडाळ... काहीतरी निवडत बसले होते, काय ते आठवत नाही. आत मशीनचा पंखा मोठ्याने फिरायला लागला, म्हणजे काही नवीन आलं. जाऊन पाहिलं. वन्संच्या मॉड्यूलची नवी आवृत्ती. सोबत अक्षर नाही, निरोप नाही. परक्याचं यावं तसं रांगेत येऊन उभं होतं.

मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच पाहत राहिले. कोरी जागा उघडली. यादी वाचली गेली, एकेक मॉड्यूल आलं. जुनं मोजणारं मॉड्यूल त्यांनी यादीतून काढून टाकलं होतं. चाचण्या सुरू झाल्या, आणि पहिल्याच चाचणीला थांबल्या.

नापास. कारण लिहिलं होतं: प्रोग्राम एक मॉड्यूल मागतोय, ते इथे नाही, आणि यादीतही नाही.

खाली त्या मॉड्यूलचं नाव होतं. ते माझं होतं.

मला क्षणभर समजेना. वन्सं इथे असताना, शिकवता शिकवता, त्यांनी माझ्याकडून एक मॉड्यूल लिहून घेतलं होतं. जोडाक्षर किती जागा खातं ते मोजणारं. हट्टाने ते सगळ्यांसाठी खुलंही करायला लावलं होतं. ते कोणीच वापरलं नाही. मीसुद्धा नाही. जगात ते आहे हे मी विसरले होते.

आणि वन्संनी मोडलेलं काढून त्या जागी ते बसवलं होतं. यादीत लिहायचं मात्र राहिलं होतं. हे एकाच कारणाने होतं: ते मॉड्यूल आपल्या मशीनवर आधीपासून असेल, तर चाचण्या आपल्याकडे बिनबोभाट पास होतात आणि ते बाहेरून आणलेलं आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

म्हणजे ते त्यांच्याकडे होतं. तिकडे, त्या शहरात, एवढा काळ.

मी वन्संच्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच. डोळे पुसून होईपर्यंत मशीनचा मेल निघूनही गेला होता. मग मी माझ्या नावाने वेगळा लिहिला. पुष्कळ लिहिलं, पुष्कळ खोडलं. गेलं ते एवढंच: "वन्सं, यादीत एक लिहायचं राहिलंय."

फोन दुसऱ्या दिवशी आला. नंबर अनोळखी होता.

"अगं, ते धूड अजून चालतंय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चालतंय, वन्सं."

"आवाज करतं?"

"तुमच्याइतका नाही."

त्या हसल्या. हसणं तेच होतं, फक्त शेवटी थोडा खोकला आला.

"माझंच राहिलं बाई लिहायचं," त्या म्हणाल्या. "इथे मी कॉम्प्युटर बदलले. प्रत्येक वेळी जुन्यातलं सगळं उचललं आणि नव्यात टाकलं. त्याबरोबर तेही आलं. ते कुठून आणलेलं आहे हे डोक्यातच नव्हतं. आपलं म्हणूनच पडलेलं असायचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना?"

"तुम्हीच म्हणायचात, जुने खिळे उपटायचे."

"लोकांच्या भिंतीतले गं," वन्सं म्हणाल्या. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. त्यांच्याकडे, माझ्याकडे नव्हे. त्या काय जेवतात, कोणाबरोबर जेवतात, मला काही माहीत नव्हतं, आणि ते विचारायचा धीर झाला नाही.

"दुसरी आवृत्ती आज पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि लोकांच्या तक्रारी आज उघडल्या. त्या पावत्या छापणाऱ्याला सांग, मी आहे अजून."

"सांगते."

"दुकानात आहे का तो?" भावाचं नाव न घेता त्यांनी विचारलं.

"हो. चारनंतर मोकळे असतात."

"फोन तोच?"

"तोच."

त्यांनी ठेवला. संध्याकाळच्या आत नवी आवृत्ती आली. यादीत माझं मॉड्यूल लिहिलेलं होतं, बाकीच्यांच्या ओळीत, जसं कोणाचंही लिहितात तसं. पास झालं. वरची सगळी एकेक करून हिरवी होत गेली. मी पावतीवाल्याला कळवलं. त्याने अर्ज केला नाही. उलट लिहिलं, बाईंना माझा नमस्कार सांगा, मी जरा जास्तच बोललो.

हे त्या दिवशी नेहमीपेक्षा उशिरा आले. हात धुतले, पाटावर बसले, अर्धं जेवण झालं. मी वाढत राहिले.

"तिचा फोन आला होता," ताटाकडे बघत म्हणाले.

"काय म्हणाल्या?"

"चष्मा. जवळचं दिसत नाही म्हणाली. तिथे कोणी नंबर काढून दिलाय, तो लावला की डोकं धरतं. मला नंबर सांगत होती, काच घालून पाठव म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, दुसऱ्याने काढलेल्या नंबरावर मी काच घालत नाही. दुकानाचा नियम आहे. डोळे समोर लागतात."

असा काही नियम दुकानात नाही. दवाखान्यातून लिहून आणलेल्या नंबरांवर ह्यांचा अर्धा धंदा चालतो. मी आमटी वाढली.

"त्यावर काय म्हणाल्या?"

"काही नाही. मला वाटलं ठेवला. मग विचारते, रविवारी दुकान उघडं असतं का."

"असतं कुठे?"

"असतं म्हटलं मी."

त्यानंतर ह्यांना भात नको होता, तरी घेतला.

रविवारी हे सकाळीच किल्ल्या घेऊन निघाले. बाजार बंद, शेजारची दुकानं बंद, ह्यांचं एकट्याचं शटर वर. दुपारी मी डबा नेऊन दिला. कोणी आलं नव्हतं. कोणता रविवार, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी विचारलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही हे गेले, आणि त्याच्या पुढच्याही. आता दारावरची 'रविवारी बंद'ची पाटी ह्यांनी काढूनच टाकली आहे. मी सकाळी जप आटोपते, निकाल वाचते, आणि रविवार असला की डबा जरा मोठा भरते.